वासे मोजायलाच हवेत!

मुलांनो, 'खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत' असे मोठी माणसे सांगतात. ज्यांनी आपल्याला जेवूखाऊ घातले, त्यांचेच वाईट चिंतू नये, असा त्याचा अर्थ. अर्थ अगदी सोळा आणे खरा! पण घराचे छप्पर नवे करायचे असेल, तर वासे मोजल्यावाचून गत्यंतर नाही. नुसते वासेच नव्हेत, रिपा मोजायच्या, कौले मोजायची. ही मोजदाद कशी करतात, ते आज सांगतो. घाबरू नका, शाळेतले गणित पुरते.

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन तालुक्यातल्या आमच्या गावात एका दुपारीत नारळी-पोफळी आडव्या झाल्या. आमच्या घराचे आढे, म्हणजे छपराच्या माथ्यावरचे आडवे लाकूड, तेच मोडले. पाऊस तोंडावर आला होता. ताडपत्री बांधून तो पावसाळा कसाबसा काढला आणि दिवाळीनंतर नव्या छपराची गोष्ट निघाली.

पैसे होते ते माझ्या आईचे. सुपारी विकून वर्षानुवर्षे साठवलेले. पण आता पोफळीच राहिल्या नव्हत्या. नवी रोपे लावली, तरी फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. मग कर्ज काढले, तर फेडायचे कशातून? आई एवढेच म्हणाली, "आहेत त्या पैशात बसलं तर कौलं घालू. नाही बसलं, तर पत्रे."

तालुक्याच्या गावी एका दुकानदाराला विचारले. "चार खोल्यांचं घर ना? दोन हजार कौलं सांगून ठेवा," तो म्हणाला. तो काही फसवत नव्हता, बरं का! पण नजरेने बांधलेला अंदाज सैलच असायचा. माझी पुतणी तेव्हा आठवीत होती. ती म्हणाली, "काका, दर त्यांनी सांगायचा. पण कौलं किती लागणार, ते आपणच मोजूया ना!"

मला ते पटले. वस्तूचा भाव आपल्या हातात नसतो. नग मोजणे मात्र आपल्या हातात असते.

मंगलोरी कौल तुम्ही पाहिले असेलच. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला या कौलांचा कारखाना काढला, म्हणून हे नाव पडले. आमचे कौल साधारण 16 इंच लांब आणि 9 इंच रुंद. 16 गुणिले 9 म्हणजे 144 चौरस इंच, म्हणजे एक चौरस फूट. आमचे घर 30 फूट लांब आणि 20 फूट रुंद, म्हणजे 600 चौरस फूट. मग 600 कौले आणली की झाले, नाही का?

नाही! इथेच तर खरी गंमत आहे.

पहिली गोष्ट अशी, की छप्पर भिंतीपाशी संपत नाही. पावसाने भिंती भिजू नयेत, म्हणून ते चारी बाजूंनी बाहेर काढतात. आमचे 2 फूट बाहेर आहे. त्यामुळे लांबी 34 फूट झाली, रुंदी 24 फूट.

दुसरी गोष्ट, छप्पर उतरते असते. मध्यावर आढे आणि दोन्ही बाजूंना दोन पाखी. प्रत्येक पाख्याखालची जमीन 12 फूट. वळचणीपासून आढे 9 फूट उंच. मग पाख्याची लांबी किती? अहो, हा तर काटकोन त्रिकोण! 12 चा वर्ग 144, 9 चा वर्ग 81, बेरीज 225 आणि तिचे वर्गमूळ 15. पाखे 15 फूट लांबीचे. पायथागोरसचा सिद्धान्त कशाला शिकायचा, असे कुणी विचारले, तर त्याला छप्पर दाखवा! दोन्ही पाख्यांचे क्षेत्रफळ झाले 34 गुणिले 15 गुणिले 2, म्हणजे 1020 चौरस फूट. जमीन 600 आणि छप्पर 1020!

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कौले एकमेकांवर चढवून बसवतात. तशी बसवली नाहीत, तर फटीतून पाणी आत यायचे. त्यामुळे 16 इंचांपैकी साडेबाराच इंच उघडे राहतात आणि 9 इंचांपैकी सव्वाआठ. पुतणीने अंगणात चार कौले मांडून ही मापे स्वतः घेतली. आता ओळी मोजू. 15 फूट म्हणजे 180 इंच. त्याला साडेबाराने भागले, तर 14 पूर्ण आणि वर थोडे. अर्धी ओळ काही घालता येत नाही, म्हणून 15 ओळी. 34 फूट म्हणजे 408 इंच. त्याला सव्वाआठने भागले की एका ओळीत 50 कौले. 15 गुणिले 50 गुणिले 2, म्हणजे 1500 कौले. वाटेत आणि कामात फुटतात, त्यांच्यासाठी आणखी 100 धरा. 600 वरून आपण 1600 वर आलो की नाही?

आढ्यावरच्या कोनाच्या कौलांचा हिशेब वेगळा. त्यातले एक 14 इंच झाकत असेल, तर 408 इंचांना 30 लागतात.

आता आले वासे. दर 2 फुटांवर एक वासा. 34 फुटांत 2 फुटांची अंतरे 17. म्हणून वासे 17? चूक! पहिल्या टोकाचा वासाही मोजायला हवा. एका बाजूला 18, दोन्ही मिळून 36. वाशांवर आडव्या रिपा ठोकतात. कौलाच्या मागचा उंचवटा रिपेवर अडकतो, म्हणून कौल घसरत नाही. 15 ओळींना 15 आणि वळचणीला एक जादा, अशा एका पाख्याला 16 ओळी. प्रत्येक 34 फुटांची. दोन्ही पाख्यांच्या मिळून 1088 फूट रिपा झाल्या.

लाकूड घनफुटावर विकतात. वासा 3 इंच बाय 2 इंचांचा. असा 24 फूट वासा म्हणजे 1 घनफूट. आमचे 36 वासे, प्रत्येकी 15 फूट, म्हणजे 540 फूट. त्याचे साडेबावीस घनफूट झाले. रीप 2 इंच बाय 1 इंच, म्हणून 72 फुटांचा 1 घनफूट. 1088 फुटांचे साधारण 15 घनफूट.

वहीच्या पानाला चार रकाने पाडा: वस्तू, नग, दर, रक्कम. त्यात कौले, कोनाची कौले, वासे, रिपा, आढे, खिळे हे सगळे आले. खाली सुताराची मजुरी आणि वाहतूक लिहायला विसरू नका. एक कौल अडीच किलोचे धरले, तर 1600 कौले म्हणजे 4000 किलो, पुरते चार टन! टेम्पोच्या किती खेपा होतील, ते यावरून कळते. एवढा भार भिंती पेलतील का, हेही सुताराला किंवा इंजिनिअरला विचारायला हवे.

एवढे लिहून झाल्यावर आई पानाकडे पाहत म्हणाली, "आणि जुनी कौलं कुठं लिहिलीत? ती काय फेकायची?"

अंगणात पडलेल्या जुन्या कौलांचा ढीग होता. आईने एक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवले. ते खणखणले. दुसरे वाजवले, तर 'बद्द' आवाज आला. "याला तडा आहे. दिसत नाही, पण आहे," ती म्हणाली. मग दोन दिवस आजी आणि नात कौले वाजवत बसल्या. खणखणीत निघाली ती 640. 1600 मधून 640 वजा केली, तर विकत घ्यायची 960. दुकानदाराच्या अंदाजापेक्षा 1040 कमी! समजा, एका कौलाला 30 रुपये पडतात. मग वाचलेले पैसे किती? 31,200 रुपये. गावोगावचा भाव निराळा असतो, पण त्या वहीतल्या पानावर आमच्या रिपांचे लाकूड निघाले, एवढे खरे. कर्ज काढावे लागले नाही. स्वयंपाकघरावर एक काचेचे कौलही बसले. आईच्या चुलीपाशी दुपारी त्यातून उन्हाचा चौकोन पडतो.

एप्रिल 2021 मध्ये छप्पर पुरे झाले. पुढच्याच महिन्यात तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्यालगत समुद्रातून गेले. चार-दोन कौले सरकली, बाकीची जागच्या जागी राहिली. ती सारी किमया सुतारांच्या हाताची.

तुम्हीही सुटीत गावी गेलात, की एखाद्या कौलारू घराची मापे घ्या. पण छपरावर अजिबात चढायचे नाही! भिंतीची लांबी-रुंदी जमिनीवरून मोजा, उंचीसाठी मोठ्यांची मदत घ्या.

जाता जाता एक गणित. आमच्या गोठ्याला एकच पाखे आहे. लांबी 17 फूट, पाख्याखालची जमीन 8 फूट आणि चढ 6 फूट. कौले हीच. फुटीची वेगळी न धरता किती कौले लागतील? आधी करून पाहा, मगच उत्तर वाचा.

(उत्तर: 10 ओळी, प्रत्येक ओळीत 25, एकूण 250 कौले.)