डावा

आमच्या गाडीच्या उजव्या दिव्याकडे माझं कधी फारसं लक्ष गेलं नाही. जावं असं त्याने काही केलंच नाही. डाव्याचा चेहरा मात्र अठरा वर्षांत पार बदलून गेला.

गाडी २००७ ची स्विफ्ट, बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली. पाटीवर अजून एमएच-०४ आहे. तेव्हा आमची वसई ठाणे जिल्ह्यात होती, पालघर जिल्हा व्हायला २०१४ चा ऑगस्ट उजाडायचा होता. सोसायटीत गाडीची जागा पहिल्या दिवसापासून तीच: नाक पश्चिमेला, समोर पंपाची खोली. खोलीची भिंत उजव्या दिव्यापुरती येते आणि संपते. डाव्यासमोर हातभर मोकळी फट. दुपारी दोनपासून सूर्य सुरुचीच्या किनाऱ्यावर समुद्रात उतरेपर्यंत त्या फटीतून जे ऊन येतं, ते एकट्या डाव्याने अंगावर घेतलं. एकाच दिवशी गाडीवर बसलेली जोडी, पण उजवा नुसता मळकट झाला आणि डावा आधी पेजेसारखा धुरकट, मग हळदीचं बोट लागावं तसा पिवळा. वरच्या कडेला पापुद्रे सुटू लागले. त्यावरून नख फिरवलं की अडकायचं. खालच्या अर्ध्या भागावर हायवेच्या खडीचे टोचे.

त्याचं काम काय होतं, हे मला एका पहाटे कळलं. साडेचारच्या सुमारास निर्मळकडून येत होतो. दोन्ही बाजूंना वाड्या, मधे अरुंद रस्ता. कडेने एक मावशी डोक्यावर फुलांची करंडी घेऊन चालल्या होत्या, दादरच्या बाजाराला निघालेल्या असणार. त्या मला दिसल्या तेव्हा आरसा त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता. त्या थबकल्या, मीही थांबलो. एक शब्द न बोलता त्या पुढे गेल्या. घरी येईपर्यंत माझ्या हाताचा कंप गेला नव्हता.

आपल्याकडे गाडी डावीकडून चालते, म्हणून खाली केलेला झोत मुद्दाम डाव्या बाजूला थोडा वर चढता ठेवलेला असतो. कडेने चालणारा माणूस, सायकलवाला, मैलाचा दगड दिसावा म्हणून. त्या कडेच्या सर्वांत जवळ डावा. आणि तोच धुरकटला होता. धुरकट दिवा नुसता मंद होत नाही. आतून निघालेला उजेड वरच्या खरबरीत थरावर आपटून चारी दिशांना विखुरतो. रस्त्यावर पडायचा तो हवेत उधळतो. म्हणून तर समोरून येणारे मला डिपर मारायचे आणि मी म्हणायचो, माझा दिवा तर खालीच आहे. मला दिसत नव्हतं, आणि समोरच्याचे डोळे दिपत होते.

गॅरेजमधल्या पोराने दिव्यावर टिचकी मारली. "काका, याला मोतीबिंदू झालाय. नवीनच टाका." सगळे हाच शब्द वापरतात. मला तो पटत नाही. मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो. डाव्याचं आतलं सगळं शाबूत होतं: आरसा चकचकीत, बल्ब नवा, साठ-पंचावन्न वॅटचा. करपली होती ती वरची कातडी, जिने अठरा वर्षं ऊन अडवलं ती.

जुन्या अँबॅसडर-पद्मिनीचे दिवे काचेचे. पद्मिनीची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. तिच्या दिव्याची काच उन्हाने कधी पिवळी पडली नसती, दगड लागता तर मात्र फुटली असती. डाव्याचं कूळ वेगळं. पॉलिकार्बोनेट हे प्लॅस्टिक १९५३ मध्ये जर्मनीत बायर कंपनीच्या हर्मन श्नेल यांनी आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनियल फॉक्स यांनी, एकमेकांना पत्ता नसताना, जवळपास एकाच वेळी शोधलं. अपोलोच्या चांद्रवीरांच्या शिरस्त्राणाचा पारदर्शक घुमट याचाच होता. वजन काचेच्या निम्मं, हवा तसा आकार घेणारं, आणि दगड सोसणारं. सोसत नाही फक्त ऊन. अतिनील किरणांनी त्याचे रेणू तुटतात आणि पिवळेपणा येतो, तोही वरच्या केसभर जाडीत. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक लेप चढवतात. तो लेप झिजला की दिवा उघडा पडतो.

टूथपेस्टचा उपाय मीही करून पाहिला होता. त्यातल्या बारीक कणांनी वरचा धुरकटपणा निघतो, दिवा हसल्यासारखा दिसतो. महिना-दीड महिन्यात पुन्हा होता तसा. शेजारच्या एका गाडीचा दिवा कुणीतरी थिनरने पुसून दिला होता. त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडल्या. पॉलिकार्बोनेटला थिनर लावू नये. त्या भेगा कशानेही जात नाहीत.

दसऱ्यानंतर हवा जरा कोरडी झाली, तेव्हा एका रविवारी सकाळी मी आणि माझी लेक बादली घेऊन खाली उतरलो. आधी शॅम्पूने धुणं, मग दिव्याभोवती रंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून मास्किंग टेपचे दोन पदर. हार्डवेअरमधून आणलेले वॉटर पेपर आदल्या रात्रीच पाण्यात टाकले होते: आठशे, हजार, पंधराशे, दोन हजार, तीन हजार. आठशेचा हात पडला तसं दिव्यावरून मळकट पिवळं पाणी ओघळायला लागलं. जुना लेप आणि करपलेली कातडी निघत होती. अर्ध्या तासाने लेक म्हणाली, "बाबा, पाणी दुधासारखं झालं." तीच खूण. पाणी सगळीकडे सारखं पांढरं आलं म्हणजे खालचं चांगलं प्लॅस्टिक लागलं. त्याआधी पेपर बदलला तर पिवळे डाग आत राहतात आणि पुढची सगळी मेहनत वाया जाते.

त्या क्षणी डावा पहिल्यापेक्षाही वाईट दिसत होता, दुधी काचेसारखा आंधळा. इथे माणूस घाबरतो. पण प्रत्येक पुढचा पेपर आधीच्याचे ओरखडे खातो. आठशेने आडवं घासलं तर हजारने उभं घासायचं, म्हणजे आधीची एकही रेघ उरली तर डोळ्यांना दिसते. तीन हजार झाल्यावर मऊ कापडावर रबिंग कंपाउंड घेऊन मी गोल गोल हात फिरवला आणि डाव्याच्या आतला आरसा वर येऊ लागला. आधी धूसर, मग कडा, मग बल्बचं टोक. अठरा वर्षांपूर्वी शोरूममध्ये बाबांनी याच आरशात वाकून पाहिलं होतं.

बहुतेक लोक इथे थांबतात, आणि तिथेच चुकतं. घासून चमकवलेला दिवा दिसतो नवा, पण असतो उघडा. त्याच्या अंगावर आता काहीच नाही, पहिल्यापेक्षा लवकर पिवळा पडेल. अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट त्यावर चढवावाच लागतो. आमच्या किनाऱ्यावर त्याची वेळही बघावी लागते. संध्याकाळच्या दमट वाऱ्यात मारला तर लेप ओला असतानाच दुधाळतो. म्हणून दहाच्या उन्हात, वारा पडलेला असताना, तोंडाला मास्क बांधून दोन हात पातळ मारले. उजव्यालाही घेतलं. एकाला कोट आणि एकाला नाही, हे बरं दिसलं नसतं.

रात्री पंपाच्या खोलीच्या भिंतीवर झोत टाकून पाहिला. कधी नव्हे ती वरची रेघ सरळ उमटली आणि डाव्या टोकाला थोडी वर चढली. लेक भिंतीजवळ जाऊन त्या चढावर बोट ठेवून उभी राहिली.

आता गाडी मी उलटी लावतो, शेपूट पश्चिमेला. मागचे लाल दिवे बहुधा अ‍ॅक्रिलिकचे असतात, त्यांना ऊन बरंच सोसतं. वॉचमनने विचारलं, "साहेब, इतकी वर्षं सरळ लावत होतात, आता काय झालं?" चार वाजले होते. मी त्याला जमिनीवर पडलेला उन्हाचा पट्टा दाखवला, फटीएवढाच, हातभर रुंद.