गाडीची दुरुस्ती आणि सातवी आज्ञा



गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. खानवेलच्या पलीकडील एका पाड्यावर आजारी वृद्धेस तैलाभ्यंगाचा संस्कार देऊन आम्ही सिल्वासास परतत होतो. पावसाची झड लागली होती, साकरतोड दुथडी भरून वाहत होती. एका वळणावर म्हैस आडवी आली. आमच्या तरुण चालकाने तिला वाचविले; परंतु गाडी दगडी कठड्यास डावे अंग घासत जाऊन पुढे खांबावर आदळली. बंपर, दिवा, बॉनेट आणि डावे दार ही सारी एकाच क्षणी कामास आली. म्हैस मात्र शांतपणे चरू लागली.

गाडी धर्मग्रामाची आणि विमा संपूर्ण उतरविलेला. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. सव्वीस दिवसांनी गॅरेजमधून बोलावणे आले, तेव्हा सायंकाळ झाली होती आणि साडेसातची मिस्सा व्हावयाची होती. अंधारात गाडीभोवती एक फेरी मारली, 'काम समाधानकारक झाले' अशा छापील कागदावर सही केली आणि मग हाती बिल आले: आमच्या वाट्याचे ११,००० रुपये! विचारता एकच उत्तर, "फादर, हा एक्सेस."

हे अकरा हजार म्हणजे काय, हे ज्यांनी रविवारच्या दानपेटीत दहा-दहाच्या नोटा घडी करून टाकल्या, त्यांस सांगावयास नको. चालक तर त्या दिवसापासून गप्पच झाला. दोन दिवसांनी त्याने खाली पाहत विचारले, "फादर, पगारातून कापणार का?" त्या प्रश्नाने आम्ही पॉलिसी प्रथमच शब्दशः वाचावयास बसलो.

वाचता उमगले ते असे. एक्सेस म्हणजे प्रत्येक अपघातात विमेदाराने प्रथम स्वतः सोसावयाचा ठराविक हिस्सा. पंधराशे सी.सी.पर्यंतच्या खासगी मोटारीस तो १,००० रुपये, त्याहून मोठ्या इंजिनास २,०००. आमची गाडी मोठ्या इंजिनाची, म्हणून २,०००. घसारा निराळा: प्लास्टिकच्या भागांवर निम्मा, आणि तिसरे वर्ष चालू असलेल्या गाडीच्या धातूच्या भागांवर शेकडा १५. प्लास्टिक ६,००० चे, त्याचे ३,०००. पत्रा ८,००० चा, त्याचे १,२००. रंगकाम ८,००० चे, त्यातील चौथा हिस्सा रंगसामानाचा धरून त्याचा निम्मा १,०००. नटबोल्ट, तेल, शीतकद्रव वगैरे किरकोळ सामानाचे १,८०० आमच्या पॉलिसीत बसत नव्हते. बेरीज ९,०००. आमची रक्कम आम्हीच देणे होती, हेही मान्य केले पाहिजे. मग वरचे २,००० कशाचे? गॅरेजवाला म्हणाला, दाराचे नुकसान हा दुसरा अपघात, म्हणून दुसरा एक्सेस!

एव्हाना पहिल्याच पावसात दिव्यात पाणी शिरले होते, दार आपटल्याशिवाय लागत नव्हते, आणि गावातल्या एका रंगाऱ्याने बंपरवर नख ओढून दाखविले: नवा म्हणून बिलात धरलेला बंपर जुनाच, लांबी भरून रंगविलेला!

तक्रार नेली तेव्हा चहा मागविण्यात आला. "फादर, वाद कशाला? पुढच्या क्लेममध्ये बसवून देतो. मागचा जुना पोचाही त्यातच काढू." वाचकहो, खोटे कशाला बोलावे? क्षणभर ते आम्हांस बरे वाटले. विमा कंपनी मोठी, धर्मग्राम गरीब, असा हिशेब मनाने झटकन मांडला. परंतु १९९२ च्या कॅथलिक धर्मशिकवणीत सातव्या आज्ञेखाली, परिच्छेद २४०९ मध्ये, वाईट रीतीने केलेले काम आणि खोटी बिले ही जवळजवळ उभी आहेत. एकाबद्दल भांडावयास गेलेल्या माणसाने दुसऱ्यावर सही कशी करावी? चहा तसाच राहिला.

आम्ही कंपनीस पत्र लिहिले आणि सर्वेक्षकाच्या अहवालाची प्रत मागितली; ती मागण्याचा विमेदारास हक्क आहे. महिन्यात उत्तर न येते, किंवा आले तरी पटते ना, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क जाता आले असते. आमच्या प्रदेशासाठी ते अहमदाबादेस बसतात. गॅरेजच्या कामासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिकडे जावे लागले नाही. तीन आठवड्यांनी अहवाल आला. त्यात अपघात एकच, एक्सेस एकच. दुसरे दोन हजार गॅरेजनेच परस्पर मागितले होते.

गॅरेजने ते परत केले. नवा बंपर आणि दिवाही बसवून दिला, सही केलेला कागद दोनदा पुढे करून झाल्यावर. चालकास आम्ही पगार पुरा दिला, आणि मागेच उत्तर न दिल्याबद्दल त्याची क्षमा मागितली. दार मात्र अजून आपटूनच लावावे लागते. येत्या गुरुवारी, दिवसाउजेडी, पुन्हा जावयाचे आहे. या खेपेस लेखणी घरीच ठेवण्याचे त्याने आम्हांस बजावले आहे.