हजेरीपटावरील एक नाव

स्मरणिकेत शाळेच्या यशाविषयी लिहावे, अशी संपादक मंडळाची अपेक्षा आहे. यशाविषयी इतर सहकारी लिहितीलच. आम्ही हजेरीविषयी लिहीत आहोत.

1998 साली दिवाळीची सुटी संपली आणि वसतिगृहातील नववीचा एक मुलगा परतला नाही. आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेला असेल, असे आम्ही गृहीत धरले. दरवर्षी दोनचार मुलांचे तसे होई. पोस्टकार्ड टाकले ते दहाव्या दिवशी. ते हाती पडताच वडील फडावरून धावत आले. सुटी संपताच त्यांनीच मुलाला एस.टी.त बसवून दिले होते. तो शाळेत आहे, या समजुतीत ते ऊस तोडत होते. ते दहा दिवस आमचे आहेत.

पोलीस ठाण्यात ‘पळाला असेल, भूक लागली की येईल’ असे ऐकावे लागले. हरवल्याची नोंद झाली, गुन्ह्याची नाही. फोटो मागितला, तर वर्गाचा एकच फोटो निघाला. त्यात त्याचा अर्धा चेहरा पुढच्या मुलाच्या डोक्याआड. हरवलेल्या मुलाच्या प्रत्येक तक्रारीवर गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी दिला. तोवर आमचा विद्यार्थी तिशीचा झाला असता. नियमाप्रमाणे पटावरून नाव कमी केले गेले. लाल शाईची रेघ आमच्याच हातची.

पुढे मेक्सिकोतील आयोत्सिनापाची बातमी वाचली, तेव्हा ती परक्या देशाची वाटली नाही. गेरेरो प्रांतातील तेथील अध्यापक विद्यालय 1926 चे, निवासी, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसाठी. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात वसतिगृह काढले ते 1925 साली. दोन खंड, एकच निकड.

1968 च्या विद्यार्थी हत्याकांडाचा स्मृतिदिन 2 ऑक्टोबरला राजधानीत पाळला जातो. तेथे जाण्यासाठी बस मिळवायला ही मुले 26 सप्टेंबर 2014 रोजी इग्वाला शहरात गेली. बस ताब्यात घेण्याची त्यांची जुनी रीत होती. ती आम्हांस पटत नाही. परंतु तिची शिक्षा ही नव्हे. त्या रात्री पोलिसांनी बसगाड्या अडवून गोळीबार केला, सहा जण मारले गेले आणि 43 विद्यार्थी नेले गेले. बहुतेक पहिल्या वर्षाचे, कित्येकांनी विशीही गाठली नव्हती.

चार महिन्यांनी सरकारने जाहीर केले, की गुन्हेगार टोळीने मुलांना कोकुला येथील कचरा डेपोत जाळले. या कथनास त्यांनी ‘ऐतिहासिक सत्य’ असे नाव दिले. आयुष्यभर इतिहास शिकवणाऱ्यास हे शब्द बोचतात. आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाच्या तज्ज्ञांनी त्याच वर्षी ते कथन पुराव्यांनिशी खोडून काढले. 2022 मध्ये सरकारच्याच सत्यशोधन आयोगाने हा राज्यसंस्थेचा गुन्हा असल्याचे म्हटले. ते ‘सत्य’ मांडणारे माजी अॅटर्नी जनरल अटकेत गेले. अवशेषांवरून ओळख पटली ती केवळ तिघांची. उरलेल्यांचे काय झाले, हे आईबापांना अजून कोणी सांगितलेले नाही.

विद्यालयाच्या मैदानात त्यांच्यासाठी खुर्च्या मांडल्या गेल्या, प्रत्येकीवर फोटो. मोर्चात पालक एकपासून त्रेचाळीसपर्यंत मोठ्याने मोजतात. हे दहावीच्या वर्गात सांगितले, तेव्हा एका मुलीने विचारले, “सर, त्यांची नावं पटावरून कमी केली का?” आम्ही फळा पुसू लागलो.

आमच्या विद्यार्थ्याची पत्र्याची पेटी अजून कोठीघरात आहे. एकदा रंगकामाच्या वेळी ती भंगारात काढण्याचे ठरत होते. आम्ही काढू दिली नाही. वडील दोनदा येऊन गेले, पण त्यांनी ती नेली नाही. “तो आला की उघडंल,” म्हणाले. कुलूप त्याचेच आहे. किल्ली त्याच्याजवळ.