निष्ठा कुणाशी, कशासाठी?

व्यभिचाराच्या बाबतीत आपला समाज फार कडक आहे, असं आपण मानतो. पण भारतीय दंड संहितेचं १८६० चं कलम ४९७ नीट वाचलं, की या कडकपणाचा रोख कुठे होता ते कळतं. विवाहित स्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या परपुरुषाला पाच वर्षांपर्यंत कैद होती. मात्र नवऱ्याची संमती असेल तर तो गुन्हाच नव्हता. फिर्याद नवऱ्यानेच करायची. तो नसेल, तर त्याच्या वतीने तिचा सांभाळ करणाऱ्याने. आणि नवराच बाहेरख्याली निघाला, तर बायकोला या कलमाखाली दादच नव्हती. विश्वासघात हा गुन्हा असता, तर तीही फिर्यादी झाली असती. कायदा जपत होता ती मालकी. लोकांच्या बोलण्यातही तोच न्याय असतो: त्याचं पाऊल घसरतं, ती मात्र घराण्याला काळिमा फासते.

हा दुटप्पीपणा ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्येच उघडा पाडला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली, तेव्हा त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. मूल दोघांचं होतं, आरोपी एकटी. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य'मधून स्त्रीच्या कामेच्छेबद्दल स्वच्छ शब्दांत लिहिलं आणि त्यापायी खटले सोसले. १९३४ मध्ये त्यांची बाजू मांडायला डॉ. आंबेडकर उभे राहिले.

सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ रोजी ४९७ रद्द केलं, तेव्हा धाक गेला, आता संसार मोडतील, अशी भीती व्यक्त झाली. पण बाहेरख्याली नवऱ्याला बायकोचा धाक या कलमाने कधी दिलाच नव्हता. व्यभिचार हे घटस्फोटाचं कारण आजही आहेच. मग स्त्री-पुरुष दोघांनाही शिक्षा करा, असं २०२३ मध्ये संसदीय समितीने सुचवलं. त्यात समानता आहे, पण तुरुंगाच्या भीतीने टिकलेल्या सोबतीत जिव्हाळा कुठून येणार? दुसरा आक्षेप असा, की इच्छेला मान्यता दिली की स्वैराचार माजेल. वास्तविक इच्छा होणं वेगळं आणि दिलेला शब्द मोडणं वेगळं. फसवल्या गेलेल्या जोडीदाराचं दुःख खरं असतं, आणि ते हलकं लेखू नये. पण जिला इच्छा असते हेच आपण मानत नाही, तिच्या निष्ठेचं मोल तरी आपल्याला कसं कळणार? एकनिष्ठा ही दोघांनी मोकळेपणाने केलेली निवड आहे. नवऱ्याला सूट आणि बायकोवर पहारा ठेवून ती निवड होत नाही.