खांदा हिरवा राहिला पाहिजे

टोमॅटोचं बियाणं धरायचं तर फळ झाडावरच पुरतं पिकू द्यावं, पहिल्या घोसातलं धरू नये, शेवटचं तर नाहीच, आणि ज्या झाडाला चुरडामुरडा लागला त्याच्याकडे बघूही नये. इथवर सगळ्यांचं एकमत असतं. भांडण पुढे सुरू होतं. निरोगी झाडांच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसात सारखीच दिसणारी फळं लटकत असतात आणि त्यांतलं कुठलं खायचं नाही हे ठरवायचं असतं. मी ते आजवर चाखून ठरवत आले. फळ आडवं कापायचं, एक फोड मीठ न लावता तोंडात. आवडली तर उरलेल्या फळाचा गर वाटीत, नाहीतर फळ कोशिंबिरीत. बागेतली बाकीची कामं मी वेळोवेळी दुसऱ्यांवर सोपवली, पाणी घालणं, बगलफूट काढणं, अळ्या वेचणंसुद्धा. चाखणं कुणाला दिलं नाही.

गेल्या पावसाळ्यात एक सर्दी रेंगाळली. बरी झाले, पण वास काही परतला नाही. डॉक्टर म्हणाले, वयात होतं असं, कदाचित येईल हळूहळू. डिसेंबरात पहिलं फळ कापलं आणि फोड तोंडात टाकली. आंबट कळलं, गोडही कळलं. टोमॅटो कळला नाही.

टोमॅटोच्या चवीतलं जिभेच्या वाट्याला फार थोडं येतं, थोडी साखर आणि थोडी आम्लं. ज्याला आपण टोमॅटोची चव म्हणतो ती बरीचशी उडून जाणाऱ्या सुगंधी द्रव्यांची असते आणि ते काम नाकाचं. फ्लोरिडा विद्यापीठातल्या हॅरी क्ली यांच्या गटाने 398 वाण तपासून 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये एक मोठा अभ्यास छापला. त्यात जुनी वाणं होती, आजची बाजारातली होती, रानटी नातेवाईकही होते. चवीशी जोडलेली तेरा सुगंधी द्रव्यं नव्या वाणांत घटलेली आढळली. फळ मोठं व्हावं म्हणून निवडत गेलं की साखर कमी होत जाते, हेही त्यात आहे. तो अभ्यास मी पूर्वी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे, जणू तो माझ्या पुण्यातल्या गच्चीवरच झाला होता. फ्रिजचं पुराणही माझ्या तोंडी पाठ होतं: बारा अंशांच्या खाली ठेवलं की फळातला सुगंध बनवणारी यंत्रणाच थंडावते. ज्यांच्या घरी फ्रिजमध्ये टोमॅटो दिसले त्यांना मी बोलले आहे. त्यांच्यापैकी कुणी आता फ्रिजमधला आणि झाडावरचा टोमॅटो शेजारी ठेवून मला विचारलं तर मी काय सांगणार?

माझं मुख्य वाण माहेरचं, अमरावतीकडचं. तिकडे आम्ही त्याला भेद्रं म्हणतो. चपटं, कडेला घड्या पडलेलं, सालीला पातळ, आणि पिकलं तरी देठाभोवती हिरवटपणा न सोडणारं. या हिरव्या खांद्यावर माझा फार जीव. बाजारात तो दोष धरतात, कारण फळ अर्धकच्चं दिसतं. म्हणून गेल्या शतकात पैदासकारांनी सगळीकडून एकसारखी पिकणारी फळं निवडली, आणि तो गुण जगभर पसरला. त्या निवडीत काय हरवलं हे कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या ॲन पॉवेल आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवलं. एकसारखं पिकवणाऱ्या त्या बदलात एक जनुक निकामी झालेलं असतं, आणि तेच जनुक कच्च्या फळात जास्त हरितद्रव्य आणि त्यातून जास्त साखर तयार करवतं. हे वाचलं तेव्हा मला आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर माज चढला. जे मी नुसत्या जिभेने ओळखलं ते शास्त्राला इतक्या उशिरा कळलं, असं मी एका कार्यक्रमात माईकवरून म्हटलंसुद्धा.

माझ्या आईला हे ऐकून हसू आलं असतं. ती चव बघून बियाणं धरायचीच नाही. न्हाणीच्या सांडपाण्यावर जे झाड सगळ्यात जास्त दिवस तग धरायचं त्याचं एक पिकलं फळ ती राखेत कुस्करायची आणि जुन्या कागदावर वाळत टाकायची. चवीचं काम तिच्या लेखी चटणीचं होतं. भेद्रं विस्तवावर भाजायची, मग लसूण, हिरवी मिरची, मीठ. तिचं भेद्रं माझ्यापेक्षा आंबट होतं, बियाही जास्त होत्या. माझं कच्चं खायला गोड, गराला भरदार, कारण मी दर हिवाळ्यात कच्ची फोड खाऊनच निवडत आले. माहेरचं वाण म्हणून मी जे मिरवते ते एव्हाना माझ्या जिभेचं वाण झालेलं आहे.

तसंही टोमॅटोला गावरान म्हणताना जरा बेतानेच म्हणावं. मूळ दक्षिण अमेरिकेतलं फळ, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलं. दिल्लीच्या पुसा संस्थेने ‘सू’ नावाच्या अमेरिकी वाणाचा आपल्याकडच्या सुधारित मेरुतीशी संकर करून ‘पुसा रुबी’ काढलं. ते सरळ वाण असल्यामुळे त्याचं बी धरता येतं, आणि देशभरातल्या परसांत ते गेलं. आईच्या न्हाणीमागे त्याचा अंश नव्हता अशी खात्री कोण देणार? अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाची, भाताची वाणं जपली, त्यांना 2020 ची पद्मश्री जाहीर झाली तेव्हा मी पेढे वाटले होते. वाल आणि भात या मातीत किती जुने आहेत! त्यांच्या मानाने टोमॅटो हा कालचा पाहुणा. गच्चीवरच्या बागांच्या प्रदर्शनात पाकिटांवर ‘शुद्ध देशी टोमॅटो’ छापून विकणारे भेटतात. पाकिटावरचा फोटो परदेशातला, आत बाजारातलं संकरित बी. पहिल्या वर्षी छान येतं. त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलं की दहा झाडांची दहा तोंडं दहा दिशांना. मग लोक म्हणतात, आमची मातीच वाईट.

बाजारच्या टोमॅटोला शिव्या घालण्याची फॅशन मात्र मला पटत नाही. नारायणगावचा शेतकरी क्रेट भरतो ते माल ट्रकमध्ये बसून धक्के खात दूरच्या शहरात धड पोचावा म्हणून. माझं भेद्रं त्या क्रेटमध्ये रस होऊन पोचेल. पांढरी माशी, करपा, आणि 2014 साली पुण्याकडेच देशात पहिल्यांदा सापडलेली नागअळी, या सगळ्यांशी ज्याला पोटासाठी झुंजायचं आहे त्याने माझ्यासारखी फोड चाखत बसावं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? घरच्या बागेला वाहतूक नाही, एवढीच आपली श्रीमंती. ती वापरून पुन्हा टणक, गोल, लालभडक फळंच लावायची असतील तर मंडईत जावं.

परदेशी जुनी वाणंही मी लावली. त्यात हौस किती आणि पाहुण्यांसमोर ताट मांडण्याची हाव किती, हे वेगळं करून सांगता येणार नाही. ‘चेरोकी पर्पल’ची फोड पांढऱ्या बशीत ठेवली की बोलणं थांबतं. ते जांभळेपण वांग्यातलं नव्हे. पिकतानाही त्याचं हरितद्रव्य पुरतं जात नाही, आणि लालात मिसळून तो मातकट, मद्यासारखा रंग दिसतो. खांदा त्याचाही हिरवा. 1990 मध्ये टेनेसीतल्या एका गृहस्थाने क्रेग लहूलिए नावाच्या बियाणेवेड्या माणसाला पाकीट पाठवलं तेव्हा त्या वाणाला नावही नव्हतं, ते लहूलिएंनी दिलं. ‘मॉर्गेज लिफ्टर’ची गोष्ट मला त्याहून आवडते. वेस्ट व्हर्जिनियात गाड्यांचे रेडिएटर दुरुस्त करणाऱ्या बाइल्स नावाच्या माणसाने, कसलंही शिक्षण नसताना, मधल्या झाडाला भोवतालच्या झाडांचे पराग लावून ते वाण घडवलं, एका डॉलरला एक रोप विकलं आणि घरावरचं सहा हजार डॉलरांचं कर्ज फेडलं. वाणाला त्याने वाडवडिलांचं नाव दिलं नाही, कर्जाचं दिलं. पुण्यात ही थोराड फळांची वाणं थंडीपुरतीच. रात्र पंधरा ते वीस अंशांत असली की फळ धरतं, ऑक्टोबरच्या उन्हात फुलं नुसती गळतात. गणपतीनंतर पेरायचं आणि जानेवारीची वाट बघायची. दोन कुंड्या पुरे. बाकी जागा भेद्राची.

खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांची सून शाळेत गणित शिकवते. दोन हिवाळे माझ्या हाताखाली होती, आणि आता नाक गेल्यावर मीच तिला म्हटलं, तू चाख. ती वही घेऊन आली. बश्यांना आकडे दिले, फोडींची सालं आणि खांदे काढून टाकले, आणि म्हणाली, “काकू, तुम्हीपण डोळे मिटून खा.” मी म्हटलं, माझ्या खाण्याला आता काय अर्थ? तरी खाल्लं. तिने सगळ्यात जास्त गुण दिले ते गोल, लहान, पार देठापर्यंत लाल पिकलेल्या फळाला. त्या झाडाचं बी गेल्या वर्षी चेरी टोमॅटोच्या कुंडीशेजारच्या भेद्राचं. जुन्या वाणांच्या फुलात स्त्रीकेसराचं टोक पुष्कळदा नळीबाहेर डोकावतं. आमच्याकडे भुंग्यांचा राबता आहे, आणि फुलाला थरथरवून पराग काढणं भुंग्याला जमतं, मधमाशीला नाही. गेल्या वर्षी मी घोसांना मलमलीच्या पिशव्या बांधल्या होत्या, पण वरच्या घोसांना नव्हत्या. म्हणजे ते झाड निम्मं परक्याचं असणार.

“असू दे की,” ती म्हणाली. “चवीला तेच चांगलं आहे. तुम्हीच म्हणता ना, चवीने निवडायचं?”

तेव्हापासून एकच प्रश्न मला सोडत नाही. फोड तोंडात जायच्या आधी मी फळ हातात घेऊन बघत असे. चपटं आहे ना, घड्या आहेत ना, खांदा हिरवा आहे ना. गोल फळ कधी कापलंच असेन का, आठवत नाही. इतकी वर्षं निवड जिभेने केली की डोळ्यांनी, आणि जीभ नुसती मान डोलावत होती? वास शाबूत असता तर आता पडताळून बघता आलं असतं. तिच्या वहीवर माझा विश्वास आहे. पण तिने चाखलं ते एका दिवशीचं, जानेवारीतल्या कोरड्या आठवड्यातलं. ढगाळ दिवसांनंतर त्याच झाडाचं फळ पाणचट लागू शकतं, हे वहीत कुठे येतं? हेही मी तिला बोलले. ती म्हणाली, मग फेब्रुवारीत परत चाखू. वर विचारलं, पहिल्या वेळी तुमच्या भेद्राला मी कमी गुण दिले नसते तर ढगांची आठवण झाली असती का? गणिताची मास्तरीण.

दोन्ही फळांचा गर दोन वाट्यांत आंबवला, वर पांढरा पापुद्रा आला तसा धुतला, बिया वेगवेगळ्या वाळवल्या. गणपतीनंतर तिची रोपं पूर्वेच्या कठड्याशी, माझी पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, मधे घेवड्याचा मांडव. पिशव्या या वेळी सगळ्या घोसांना. तिचं झाड पुढच्या पिढीत फुटून निघेल, कुणी गोल, कुणी लांबट, कुणी हिरव्या खांद्याचं, आणि मग तिलाही डोळे आवरणं जड जाईल, असा माझा अंदाज आहे. तिचा अंदाज वेगळा आहे. चटणीला मात्र भेद्रंच लागतं, हे तिला मान्य आहे, निदान माझ्या तोंडावर तरी.