एफ ट्रेनचं पुढचं स्टेशन

न्यूयॉर्कला गेलात की टाइम्स स्क्वेअर होतोच, स्टॅच्यू ऑफ लिबर्टीही होतो. पण एका विशीतल्या पोराने ज्या वस्तीची गोष्ट चाळीस मिनिटांत सांगितली आणि ती सगळ्या जगाने ऐकली, ती वस्ती बघितलीत का?

‘तिकडे काय आहे बघायला?’ वहिनीने चहाचा कप पुढे करत विचारलं.

प्रश्न रास्त होता. मी जॅक्सन हाइट्समध्ये मावसभावाकडे उतरलो होतो. खाली उतरलं की ७४ वी स्ट्रीट. गरम जिलेबी, साड्यांची दुकानं, कढीपत्ता, सोन्याचे दागिने, सगळं हाताशी. रविवारची सकाळ होती. मॅनहॅटनमधली म्युझियम्स सोडून एका सरकारी घरांच्या कॉलनीत कोण कशाला जाईल?

‘नाझची वस्ती बघायचीय,’ मी म्हटलं.

पुतण्याने मोबाइलमधून डोकं वर काढलं. ‘काका, नाझ? तो एकदम ओल्ड स्कूल आहे!’

असेल. पण या ‘ओल्ड स्कूल’ माणसाचं माझ्यावर एक जुनं देणं आहे. ते काय, ते शेवटी सांगतो.

बोगद्यापलीकडे

रविवारी जॅक्सन हाइट्सहून एफ ट्रेन पकडली की पुढचंच स्टेशन ‘ट्वेंटी फर्स्ट स्ट्रीट – क्वीन्सब्रिज’. काही मिनिटांचं काम. गंमत म्हणजे नाझ लहान होता तेव्हा हे स्टेशनच नव्हतं. ते सुरू झालं १९८९ मध्ये. तेव्हाही मॅनहॅटनहून येणारी गाडी इथेच संपायची, पुढे नुसता बंद बोगदा. जॅक्सन हाइट्सच्या बाजूची लाइन जोडली गेली ती २००१ च्या अखेरीस. म्हणजे ज्या अल्बमसाठी मी निघालो होतो तो आला तेव्हा शेजारच्या या दोन वस्त्यांमध्ये अशी थेट गाडी नव्हती.

अल्बमचं नाव ‘इलमॅटिक’. १९ एप्रिल १९९४ ला आला. नासिर जोन्स, म्हणजे आपला नाझ, तेव्हा वीस वर्षांचा होता. दहा ट्रॅक्स, सगळे मिळून चाळीस मिनिटांच्या आत. पहिला ट्रॅक म्हणजे तर नुसती वातावरणनिर्मिती. आधी ट्रेनचा खडखडाट, मग ‘वाइल्ड स्टाइल’ या १९८३ च्या हिप-हॉप सिनेमातला आवाज. मी जिना चढून वर आलो, हेडफोन लावले आणि प्ले दाबलं. ठरवलंच होतं, अल्बम चालेल तोवर चालायचं.

वरून ‘वाय’, आतून चाळ

समोर लाल-तपकिरी विटांच्या सहा मजली इमारती. एकीसारखी दुसरी, दुसरीसारखी तिसरी. क्वीन्सब्रिज हाउसेस. तीन हजारांहून जास्त घरं. उत्तर अमेरिकेतली सगळ्यात मोठी सरकारी वसाहत म्हणून हिचं नाव घेतलं जातं. बाजूच्या क्वीन्सबरो पुलावरून नाव पडलं आणि १९३९ मध्ये लोक राहायला आले. वरून पाहिलं तर इमारतींचा आकार इंग्रजी ‘वाय’सारखा दिसतो. प्रत्येक घराला ऊन मिळावं हा हेतू. मनातलं चांगलं होतं हो! पण पैसे वाचवायचे म्हणून लिफ्ट फक्त पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावर थांबेल अशी केली. बाकीच्यांनी एक मजला चढा नाहीतर उतरा.

१९५० च्या दशकात वर्षाला तीन हजार डॉलर्सपेक्षा जास्त कमावणाऱ्या कुटुंबांना इथून दुसरीकडे हलवलं. ती बहुतेक गोरी होती. मागे राहिली ती कमी पगाराची, मुख्यतः काळी आणि लॅटिनो कुटुंबं. ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेन आलं. त्याच्या मागोमाग बंदुका आल्या, पोलीस आले आणि घराघरातली एकेक जागा रिकामी होत गेली. कोणी तुरुंगात, कोणी त्याहून लांब.

याच काळात इथे दुसरं काहीतरीही शिजत होतं. मार्ली मार्ल नावाचा एक डीजे घरातच रेकॉर्डिंग करायचा. १९८४ मध्ये चौदा वर्षांच्या रॉक्सॅन शॉन्टेने त्याच्याकडे एक गाणं केलं आणि शहरभर तिचं नाव झालं. मग एमसी शॅनने ‘द ब्रिज’मध्ये आपल्या वस्तीच्या रॅपची सुरुवात कशी झाली ते सांगितलं. ब्राँक्सवाल्या केआरएस-वनला वाटलं, हा तर हिप-हॉपच आमच्याकडे जन्मलं म्हणतोय! त्याने उलट गाणी केली आणि जुंपली. आमच्याकडे ‘गणपती आधी कोणाचा’ यावरून जुंपते ना, डिट्टो तस्संच.

नाझ हे भांडण ऐकत मोठा झाला.

कॉर्नेट आणि आठवी

जन्म ब्रुकलिनचा, १९७३ चा. वडील ओलू दारा, मिसिसिपीतल्या नॅचेझ गावचे. जॅझमधले नावाजलेले कॉर्नेटवादक. कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचा धाकटा भाऊ. आई अ‍ॅन पोस्टात नोकरीला. घरात वाद्यं, रेकॉर्ड्स आणि पुस्तकं. आईवडील १९८५ मध्ये वेगळे झाले, पोरगं आईबरोबर राहिलं आणि आठवीनंतर शाळा सुटली. पुढचं शिक्षण पुस्तकांतून आणि खिडकीतून.

१९९२ मध्ये त्याचा जिवलग मित्र आणि संगीतातला जोडीदार इल विल इथेच गोळी लागून गेला. त्याच वेळी नाझच्या धाकट्या भावालाही गोळी लागली. तो वाचला. हे सगळं माहीत असलं की ‘इलमॅटिक’मधला तो शांत आवाज वेगळाच ऐकू येतो. पोरगा ओरडत नाही. रडत नाही. सांगतो.

आता सांगतो कसं, ते बघा. साधा रॅपर ओळीच्या शेवटी यमक जुळवतो आणि पुढे जातो. नाझचं यमक ओळीच्या पोटात असतं. एकेका शब्दाचं नाही, तीन-चार अक्षरांच्या अख्ख्या तुकड्याचं. वाक्य ठेक्यावर संपतच नाही, ते पुढच्या ओळीत सांडतं. आपली आजी ओवी म्हणताना श्वास कुठे घेते ते कळत नाही, तसं. आणि खाली जॅझच्या जुन्या रेकॉर्ड्समधून उचललेले तुकडे. डीजे प्रीमियर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर असे एकाहून एक प्रोड्यूसर्स. ‘लाइफ्स अ बिच’च्या शेवटी एक कॉर्नेट वाजतं. ते वडिलांचं. पोराची गोष्ट सांगून झाली की बाप न बोलता दोन शब्द बोलून जातो, असं मला दर वेळी वाटतं.

तुरुंगातल्या मित्राला पत्र

एक्केचाळीसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून व्हर्नन बुलेवार्डकडे चालत होतो तेव्हा ‘वन लव्ह’ लागलं. हे गाणं पत्रासारखं आहे. तुरुंगातल्या मित्रांना लिहिलेलं. तुझं पोर कसं दिसतं, तुझी मैत्रीण कशी वागते, कोण कोणाशी भांडलं. गावाकडून येणाऱ्या पत्रात असतं ना, अमक्याची म्हैस व्याली, तमक्याचं लग्न ठरलं? तीच तऱ्हा, फक्त बातम्या काळजाचं पाणी करणाऱ्या. शेवटच्या कडव्यात तो बाकावर बसून एका बारा वर्षांच्या पोराशी बोलतो. पोरगा धंद्यात उतरलेला आहे. नाझ त्याला चार शब्द सांगतो. मोठं तत्त्वज्ञान वगैरे नाही, टिकून कसं राहायचं एवढंच.

पुढच्या अल्बम्समध्ये त्याने गोष्टी सांगायच्या आणखी तऱ्हा शोधल्या. १९९६ च्या ‘आय गेव्ह यू पॉवर’मध्ये निवेदक आहे चक्क बंदूक. लोकांना मारून मारून कंटाळलेली. एकदा ती ठरवून अडकते, मालक मरतो, तिला वाटतं सुटलो. तेवढ्यात दुसरा हात तिला उचलतो. २००१ च्या ‘रिवाइंड’मध्ये गोष्ट शेवटाकडून सुरुवातीला येते, गोळी उलटी बंदुकीत शिरते. सांगून सवरून खेळ आहे, पण ऐकताना मला इल विल आठवतो. सगळं उलटं फिरवता आलं तर?

बाकावरचे आजोबा

व्हर्ननला एका कोपऱ्यावर मी कॅमेरा काढला. ‘इलमॅटिक’चं कव्हर बघितलंय? सात वर्षांच्या नाझचा चेहरा आणि त्याच्यावर उमटलेला हा मोहल्ला. तसाच फोटो मला हवा होता. इमारत फ्रेममध्ये घेतली तर खिडकीत एक बाई कपडे झटकत होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी कॅमेरा खाली केला.

लाज वाटली, खरंच. आमच्या चाळीत कोणी गोरा माणूस कॅमेरा घेऊन आला की आम्हाला काय वाटायचं, ते लख्ख आठवलं.

बाकावर एक आजोबा बसले होते. हेडफोन काढून ‘गुड मॉर्निंग’ केलं.

‘कुठून आलास?’

‘मुंबई.’

‘नाझसाठी?’

मी मान हलवली. ते हसले. चौथ्या मजल्यावर वाढलो, म्हणाले. सामान असलं की पाचव्यावर जायचं आणि एक मजला उतरायचं. आई म्हणायची, चढण्यापेक्षा उतरणं बरं. मी आमच्या चाळीतल्या लाकडी जिन्याचं सांगितलं, कॉमन संडासाबाहेरच्या रांगेचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘तुमच्याकडे कोण आहे हे सांगणारं?’

आहेत, मी म्हटलं. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ चा. नारायण सुर्व्यांना रस्त्यानेच शिकवलं. आणि आता अंधेरी-कुर्ल्याची पोरं रॅप करतात, त्यांच्यावर ‘गली बॉय’ आला २०१९ मध्ये. त्या सिनेमाचा एक एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर तुमचा नाझच! डिव्हाइन आणि नेझीबरोबर ‘एनवाय से मुंबई’मध्ये तो रॅपही करतो.

‘मग त्याने बरं केलं,’ आजोबा म्हणाले आणि कबुतरांकडे बघायला लागले.

पलीकडचा काठ

वस्ती संपली की नदीकाठी क्वीन्सब्रिज पार्क. डोक्यावर १९०९ चा तो प्रचंड पूल, उजवीकडे वीजकेंद्राची लाल-पांढऱ्या पट्ट्यांची धुरांडी, समोर रूझवेल्ट आयलंड आणि त्यामागे मॅनहॅटनचे महागडे टॉवर्स. हाताच्या अंतरावर वाटतात. डावीकडे लाँग आयलंड सिटीत नवे काचेचे टॉवर्स उगवलेत. २०१८ मध्ये अ‍ॅमेझॉनने इथे मोठं ऑफिस थाटायची घोषणा केली होती. वाद झाला आणि २०१९ च्या फेब्रुवारीत बेत गुंडाळला गेला. टॉवर्स मात्र आहेत. विटांच्या जुन्या इमारती आणि त्यांच्याकडे न बघणाऱ्या काचा. गिरणगावातल्या माणसाला हे चित्र नवीन नाही.

आता ते देणं.

मी डिलाइल रोडच्या चाळीतला. पहिल्या नोकरीच्या वेळी कोणी विचारलं, ‘कुठे राहतोस?’ की मी ‘लोअर परळ’ म्हणायचो आणि लगेच विषय बदलायचो. लोअर परळ म्हटलं की समोरच्याला मॉल आठवायचा, टॉवर आठवायचा. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं. ऑफिसातल्या मित्रांना कधी घरी बोलावलं नाही. आई विचारायची, ‘तुझ्या मित्रांना आण की रे जेवायला.’ मी म्हणायचो, ‘आणतो गं.’

त्याच दिवसांत एका मित्राने ‘इलमॅटिक’ची सीडी दिली. अर्धे शब्द कळले नाहीत. पण एक कळलं, हा माणूस पत्ता सांगतो. रस्त्याचं नाव, कोपरा, बाक, जिना, सगळं. लाजत नाही आणि मिरवतही नाही. त्या अल्बमला प्लॅटिनम व्हायला २००१ उजाडलं. २०१३ मध्ये हार्वर्डने त्याच्या नावाने हिप-हॉपच्या अभ्यासासाठी फेलोशिप सुरू केली. आठवीत शाळा सुटलेल्या पोराच्या नावाने! आणि हे कशाच्या जोरावर? तर आपल्या सहा मजली इमारतींची गोष्ट नीट सांगितली म्हणून.

मी पुढच्याच महिन्यात चौघा मित्रांना घरी नेलं. आईने कोंबडी-वडे केले. जागा कमी म्हणून दोघं गॅलरीत बसून जेवले. तेच दोघं अजून त्या जेवणाची आठवण काढतात.

अल्बम कधीच संपला होता. परतताना आजोबा बाकावर नव्हते. घरी पोचलो तर वहिनीने विचारलं, ‘मग, काय बघितलंस?’ मी म्हटलं, ‘आपली चाळ.’ पुतण्याने हळूच हेडफोनचं एक टोक काढलं. ‘काका, कुठलं गाणं आधी ऐकू?’

जाणार असाल तर

कधी: शनिवार-रविवारी जॅक्सन हाइट्सहून एफ ट्रेनने पुढचंच स्टेशन. सोमवार ते शुक्रवार मार्ग वेगळा असतो, नकाशा बघून निघा. दिवसाउजेडी जा.

काय कराल: एक्केचाळीसाव्या अ‍ॅव्हेन्यूवरून व्हर्नन बुलेवार्ड आणि तिथून नदीकाठचं पार्क.

काय टाळाल: लोकांच्या खिडक्यांचे फोटो. तिथे माणसं राहतात.

काय ऐकाल: आधी अख्खा ‘इलमॅटिक’, मग ‘आय गेव्ह यू पॉवर’ आणि ‘रिवाइंड’. शिव्या भरपूर आहेत, तेव्हा हेडफोन मस्ट!