बादलीतली आजी

सिनेमा बादलीत धुतात म्हटल्यावर आजीनं विचारलं, "साबण कुठला रे?"

तिचं रांगोळी काढणं मी १६ मिलिमीटरच्या कृष्णधवल फिल्मवर टिपलं होतं. १०० फुटांचं रीळ, म्हणजे ४००० चित्रं. पडद्यावर मात्र पावणेतीनच मिनिटं! न्हाणीघरात मिट्ट काळोख केला. हातमोजे घातले. डेव्हलपर, पाणी, मग फिक्सर... चाचपडत ढवळत होतो. पण फिल्मचे वेढे एकमेकांना चिकटले, तिथं औषध पोचलंच नाही. दिवा लावून बघतो, तर रांगोळी जवळजवळ सगळी गायब! कॅनडाच्या नॉर्मन मॅक्लॅरेननं १९४९ साली फिल्मवरच रंगकाम केलं, पण ते मुद्दाम. माझा नुसता गोंधळ. अगदी रडकुंडीला आलो.

आजीनं भिंगातून उरलेला तुकडा पाहिला. निगेटिव्हमध्ये तिचे पांढरे केस काळेभोर!

"अगंबाई, तरणी झाले की! एवढा मला ठेव."